कार्यशाळा झाली, टूलबॉक्स मात्र चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे सत्र सुरू झाले की अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘सायलॅब’ या मोफत संगणक-भाषेची दोन दिवसांची कार्यशाळा होते. बॅनर लागतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, गटफोटो निघतो. दिवाळीनंतर त्याच लॅबमध्ये डोकावले तर मुले पुन्हा मॅटलॅब या तशाच पण विकतच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रतीवर बसलेली दिसतात. मुलांना आवड नाही, असे मग म्हटले जाते. आम्हाला ते पटत नाही. सायलॅबसारख्या थोड्या लोकांच्या भाषेची जाहिरात आपण पुष्कळ करतो आणि देखभाल जवळजवळ करत नाही. अशा भाषेकडे माणूस एकदाच कुतूहलाने येतो. पहिल्या तासाला टूलबॉक्स, म्हणजे जादा फंक्शनांचा संच, बसला नाही किंवा पुस्तकातले उदाहरण चुकीचे उत्तर देऊ लागले, की तो परत फिरकत नाही.

थोडी पार्श्वभूमी. सायलॅब ही गणिती आकडेमोडीची भाषा फ्रान्समधल्या इनरिया आणि ईएनपीसी या संस्थांत तयार झाली आणि १९९४ पासून इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागली. २००३ मध्ये तिच्यासाठी कंपन्या आणि संस्थांचा संघ स्थापन झाला, पुढे स्वतंत्र कंपनी निघाली, २०१७ मध्ये ती ईएसआय समूहाने घेतली आणि त्यानंतर विकासाचे काम दासो सिस्टिम्सकडे गेले. मालक इतके बदलूनही भाषा टिकली, यात परवान्याचा मोठा वाटा आहे. २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती खऱ्या अर्थाने मुक्त झाली आणि २०१७ च्या सहाव्या आवृत्तीपासून जीपीएल परवान्याखाली आहे. पण परवान्यामुळे कोड उघडा राहतो एवढेच. तो चालता ठेवायला माणसेच लागतात.

महाराष्ट्राचा या भाषेशी संबंध जुना आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने केंद्र सरकारच्या निधीतून सायलॅबवर मोठे काम उभे केले. नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली, त्यासाठी मानधन दिले आणि सगळे कोड खुले ठेवले. ते ब्राउझरमध्येच चालवून पाहण्याची सोय केली. ऑप्टिमायझेशन, सिग्नल प्रोसेसिंग आणि प्रतिमा-प्रक्रियेसाठी टूलबॉक्स तयार केले. ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून छोटे धडे मराठीतही आले. जगात इतरत्र एखाद्या लहान भाषेला असे पाठबळ क्वचितच मिळाले असेल. म्हणून ते वाया जाताना पाहणे जास्त खुपते.

आता प्रत्यक्ष अडते कुठे ते पाहू.

पहिला अडथळा लॅबच्या नेटवर्कचा. साठ संगणकांवर एकाच वेळी ‘ॲटम्सइन्स्टॉल’ ही टूलबॉक्स बसवण्याची आज्ञा दिली, की प्रत्येक संगणक बाहेरच्या सर्व्हरकडे धावतो. मध्ये कॉलेजचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटकडे जाणारा मध्यस्थ सर्व्हर, असतो, सायलॅबला त्याचा पत्ता माहीत नसतो आणि कार्यशाळेचा पहिला अर्धा तास लाल अक्षरे बघण्यात जातो. उपाय सोपा आहे. ‘ॲटम्ससेटकॉन्फिग’ या आज्ञेने ‘यूजप्रॉक्सी’ला होकार द्यायचा, ‘प्रॉक्सीहोस्ट’ आणि ‘प्रॉक्सीपोर्ट’ भरायचे, मग ‘ॲटम्ससिस्टमअपडेट’ चालवून यादी ताजी करायची. त्याहून बरे म्हणजे लागणाऱ्या टूलबॉक्सच्या झिप फायली आदल्या दिवशी उतरवून लॅबच्या सर्व्हरवर ठेवाव्यात. ‘ॲटम्सइन्स्टॉल’ला टूलबॉक्सच्या नावाऐवजी फाइलचा मार्ग दिलेलाही चालतो. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. ज्या लॅबमध्ये विद्यार्थ्याचे लॉगिन बंद होताच सगळे पुसले जाते, तिथे टूलबॉक्स ‘ऑलयूजर्स’ विभागात आणि प्रशासकाच्या अधिकाराने बसवावा लागतो. नाहीतर सोमवारच्या बॅचने बसवलेले मंगळवारी गायब असते.

दुसरा अडथळा जास्त घातक, कारण त्यात लाल अक्षरे दिसतच नाहीत. अभ्यासक्रमात ‘मॅटलॅब/सायलॅब’ असे तिरकी रेघ देऊन लिहिलेले असते, पण लॅब मॅन्युअल मॅटलॅबचेच असते. दोन्ही भाषा वरवर सारख्या दिसत असल्याने मुले जसेच्या तसे टाइप करतात. दोन ओळी आणि दोन स्तंभांचे मॅट्रिक्स घ्या, पहिल्या ओळीत १ आणि २, दुसरीत ३ आणि ४. मॅटलॅबमध्ये ‘सम’ दिले की स्तंभवार बेरीज येते, ४ आणि ६. सायलॅबमध्ये उत्तर १० येते, कारण तिथे ‘सम’ सगळ्या घटकांची बेरीज करते. ‘मीन’ आणि ‘मॅक्स’चेही तसेच. स्तंभवार हवे असेल तर दुसऱ्या जागी अवतरणात ‘आर’ द्यावे लागते. प्रोग्राम कुठेही अडखळत नाही. जर्नलमध्ये चुकीचा आकडा जातो आणि तपासणाराही सही करून मोकळा होतो.

कंट्रोल सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला बहुपदी लिहिताना हीच गंमत पुन्हा होते. मॅटलॅबमध्ये सहगुणक मोठ्या घातापासून उतरत्या क्रमाने देतात, १, २, ३ म्हणजे एस² + २एस + ३. सायलॅबच्या ‘पॉली’ फंक्शनला तेच तीन आकडे दिले, तर ते त्यांना मुळे समजते आणि (एस−१)(एस−२)(एस−३) ही घनबहुपदी हातात देते. ‘कोएफ’ असे सांगितले तर सहगुणक मानते, पण चढत्या क्रमाने, १ + २एस + ३एस². म्हणजे तीन आकड्यांच्या तीन वेगळ्या सिस्टिम होतात आणि तिन्हींचा बोड प्लॉट सुरेख येतो! नवशिक्याने ‘%एस’ हे तयार चल वापरून बहुपदी हाताने लिहावी, म्हणजे हा घोळ उद्भवत नाही. ‘एफसॉल्व्ह’मध्ये मॅटलॅबला आधी फंक्शन आणि मग सुरुवातीचा अंदाज लागतो, सायलॅबला आधी अंदाज आणि मग फंक्शन. ‘एफएफटी’ची दुसरी जागा मॅटलॅबमध्ये बिंदूंच्या संख्येची आहे. सायलॅबमध्ये तिथे दिशा सांगतात, सरळ रूपांतराला −१ आणि उलट्याला १. तिथे १०२४ लिहून काही साधत नाही.

मॅटलॅबची फाइल सायलॅबमध्ये बदलून देणारे ‘एमफाइलटूएससीआय’ हे साधन सायलॅबसोबतच येते. ते अशा फरकाच्या जागी ‘एमटीएलबी’ उपसर्गाची फंक्शने घालते, म्हणजे वर्तन मॅटलॅबसारखे राहते. आकडे बरोबर येतात, पण तो कोड वाचून कोणी सायलॅब शिकणार नाही. जुने मोठे प्रोग्राम उतरवायला त्याचा उपयोग आहे, लॅब मॅन्युअल बनवायला नाही.

एक्सकॉस हा सायलॅबमधला ब्लॉक जोडून सिम्युलेशन करण्याचा भाग. तिथे सिम्युलिंकची, म्हणजे मॅटलॅबमधल्या तशाच भागाची, सवय असलेल्यांना कोरा आलेख दिसतो तो घड्याळामुळे. आलेख दाखवणाऱ्या स्कोप ब्लॉकच्या वरच्या लाल टोकाला क्लॉक ब्लॉक जोडावा लागतो. तो नसेल तर स्कोपला कधी नोंद घ्यायची हे कळतच नाही. सिम्युलेशनची अंतिम वेळ आणि स्कोपचा ‘रिफ्रेश पिरियड’ जुळत नसेल तरी आलेख अर्धाच किंवा पुसून पुन्हा काढलेला दिसतो. मॉडेलिकाचे ब्लॉक, म्हणजे विद्युत किंवा द्रवचालित भागांचे, वापरायचे तर संगणकावर सी कंपायलर हवा. विंडोजवर त्यासाठी मिनजीडब्ल्यू टूलबॉक्स मिळतो, पण तो सायलॅबच्या नेमक्या आवृत्तीशी जुळणारा घ्यावा लागतो. ही चार वाक्ये मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापली, तर प्रॅक्टिकलचा निम्मा वेळ वाचेल.

तिसरा मुद्दा आवृत्त्यांचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सहावी आवृत्ती म्हणजे जवळजवळ नवे इंजिन होते. स्मृतीचे जुने स्टॅक गेले, ‘स्टॅकसाइझ’ची गरज संपली, चलांच्या नावावरची २४ अक्षरांची मर्यादा उठली. हे सगळे चांगलेच झाले. पण रिकाम्या मॅट्रिक्सचा नियमही बदलला. पाचव्या आवृत्तीत रिकाम्या मॅट्रिक्समध्ये ५ मिळवले तर ५ येत असत. सहाव्यात उत्तर रिकामे येते आणि एक इशारा छापला जातो. बेरजेचा चल सुरुवातीला रिकामा ठेवून लूपमध्ये भर घालत जाण्याची सवय पाचव्या आवृत्तीच्या काळात अनेकांना होती. तो कोड आज चालतो आणि शेवटी काहीच देत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे, रिकाम्या कंसाच्या जागी शून्य. पण ती ओळ शोधायला कोणीतरी कोड चालवून पाहायला हवा.

पाठ्यपुस्तकांचे कोड आणि बरेचसे व्हिडिओ धडे पाचव्या मालिकेच्या काळातले आहेत. २०२३ पासून सायलॅबने आवृत्तीला वर्षाचाच आकडा द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ‘५.४ वर तपासलेले’ ही ओळ आता मुलांना आणखी जुनी वाटते. सगळे कोड पुन्हा तपासणे अवाढव्य काम आहे असे वाटते, पण ते बरेचसे यंत्राकडून करून घेता येते. फक्त कसे, यात खाचा आहेत. पहिली कल्पना सुचते ती अशी की सायलॅबमध्येच एक लूप लिहावा आणि एकामागून एक फाइल ‘एक्झेक’ने, ‘एररकॅच’ लावून चालवावी. हे फसते. या फायलींच्या पहिल्या ओळीत बहुधा ‘क्लिअर’ असते आणि ‘एक्झेक’ बोलावणाऱ्याच्याच जागेत चालत असल्याने ते तपासणाऱ्या लूपचे चलही पुसून टाकते. पहिल्याच उदाहरणानंतर तपासनीस बेशुद्ध!

म्हणून प्रत्येक फाइलला स्वतंत्र सायलॅब हवी. कमांड लाइनवरून ‘-एफ’ पुढे फाइलचे नाव आणि शेवटी ‘-क्विट’. हा शेवटचा पर्याय विसरला तर चूक आलेल्या फाइलपाशी सायलॅब उत्तराची वाट बघत बसून राहते. त्यावर लिनक्सच्या ‘टाइमआउट’ने ६० सेकंदांची मर्यादा घालावी, कारण काही फायलींत ‘इनपुट’ किंवा ‘हॉल्ट’ असते आणि त्या कीबोर्डची वाट पाहतात. आलेख काढणाऱ्या फायली साध्या ‘सायलॅब-सीएलआय’मध्ये चालत नाहीत, तिथे ग्राफिक्सच नसते. त्यांना ‘सायलॅब-एडीव्ही-सीएलआय’ लागते आणि पडदा नसलेल्या सर्व्हरवर ‘एक्सव्हीएफबी’चा खोटा पडदा. एका पुस्तकाच्या दोनतीनशे फायली एका रात्रीत सहज होतात. सकाळी चार ढीग मिळतात: चालल्या, चुकल्या, वेळ संपली, इशारा आला. इशाऱ्याचा ढीग आधी बघावा, रिकाम्या मॅट्रिक्सचे बळी तिथेच सापडतात.

चाललेल्या फायलीही बरोबर आहेत असे नाही. पुस्तकातले उत्तर ‘असर्ट_चेकऑलमोस्टइक्वल’ने तपासायचे आणि सापेक्ष फरक किती चालेल हे ठरवायचे. पुस्तके मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करतात, त्यामुळे इथे दहा अंकांचा हट्ट धरला तर सगळेच नापास होतील. तीन अंकांपर्यंत दिलेल्या उत्तराला एक टक्क्याची मोकळीक पुरेशी होते. त्यापलीकडे फरक आला तर माणसाने बसून पाहावे. कधी कोड चुकलेला असतो आणि कधी पुस्तकच.

टूलबॉक्सचे दुखणे निराळे. ज्यात फक्त सायलॅबचीच फंक्शने आहेत, तो ‘मॅक्रोज’पुरता टूलबॉक्स दुरुस्त करणे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जमते. ‘बिल्डर’ चालवायचा, ‘लोडर’ चालवायचा, डिस्क्रिप्शन फाइलमधली आवृत्तीची अट सुधारायची आणि ‘टेस्ट_रन’ने चाचण्या घ्यायच्या. चाचण्या नसतील तर आधी त्या लिहायच्या, प्रत्येक फंक्शनला निदान एक, ज्याचे उत्तर कागदावर काढता येते अशी. ज्यात सी किंवा सी++ चा गेटवे, म्हणजे तो कोड सायलॅबशी जोडणारा दुवा, आहे तो टूलबॉक्स मात्र जड जातो. पाचव्या आवृत्तीतल्या जुन्या गेटवेत ‘स्टॅक-सी’ ही हेडर फाइल आणि तिचे मॅक्रो वापरलेले असतात. ती हेडर सहाव्यात नाही. तिच्या जागी ‘एपीआय_सायलॅब’ आणावी लागते, प्रत्येक गेटवे फंक्शनला संदर्भाचा पॉइंटर हा जादा अर्ग्युमेंट द्यावा लागतो आणि इनपुट तपासणे व उत्तर परत करणे यांच्या ओळी नव्याने लिहाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही. खरे अवघड दुखणे बाहेरच्या लायब्ररीचे. ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या लायब्ररीवर आधारलेल्या टूलबॉक्सला सायलॅब बदलली तरी धक्का बसतो आणि ओपनसीव्ही बदलली तरी. विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी वेगळी बांधणी करावी लागते. तीतली एक राहिली, की त्या प्रणालीवरच्या मुलाला ‘उपलब्ध नाही’ एवढेच दिसते आणि त्याच्यापुरती भाषा मेलेली असते.

सायलॅब सगळ्यांनी शिकावी असा आमचा आग्रह नाही. डेटाच्या कामाला पायथॉन घ्यावे. मॅटलॅबचा जुना कोड कमीत कमी बदलून चालवायचा तर ऑक्टेव्ह ही दुसरी मोफत भाषा जास्त सोयीची आहे. पण ऑक्टेव्हमध्ये एक्सकॉससारखा ब्लॉक जोडून सिम्युलेशन करण्याचा भाग नाही. कंट्रोल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि केमिकलच्या प्रॅक्टिकलला तोच लागतो. ज्या भाषेची नेमकी जागा एवढी स्पष्ट आहे तिचा प्रचार ‘मॅटलॅबला फुकट पर्याय’ म्हणून करणे ही चूक आहे. ‘फुकट मॅटलॅब’ समजून आलेला विद्यार्थी ‘सम’चे उत्तर १० पाहून चिडतो. कंट्रोलचा लूप बांधायला आलेला टिकतो.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे आमची मागणी आहे. कार्यशाळा हव्या तर घ्या, पण सायलॅबची देखभाल मिनी-प्रोजेक्टचा मान्य विषय करा आणि तिला गुण द्या. आज ‘नवे काहीतरी’ बनवले तरच गुण मिळतात, म्हणून दरवर्षी नवा अर्धवट टूलबॉक्स जन्माला येतो आणि जुन्याकडे कोणी पाहत नाही. चार जणांच्या गटाला बारा आठवड्यांत एक मॅक्रो-टूलबॉक्स किंवा एका पुस्तकाचे कोड चालू आवृत्तीवर आणता येतात. पहिल्या आठवड्यात कोऱ्या संगणकावर आहे तसे चालवून नोंद करायची, काहीही दुरुस्त न करता. पुढचे तीन आठवडे चाचण्या. मग पाच आठवडे दुरुस्ती, प्रत्येक दुरुस्ती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात वेगळी नोंदवून. दोन आठवडे हेल्पची पाने, शक्य तिथे मराठीतही. शेवटच्या आठवड्यात काम मूळ लेखकांकडे पाठवायचे. भाषेतच दोष आढळला तर सायलॅबच्या गिटलॅबवर तक्रार नोंदवायची, तीत आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोष दाखवणारा पाचसात ओळींचा कोड, अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर. ‘चालत नाही’ एवढेच लिहिलेल्या तक्रारीला कोणी हात लावत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर येईलच असे नाही. तो कधीच पास होऊन नोकरीला लागलेला असतो आणि कोड त्याच्या वैयक्तिक खात्यावर अडकलेला असतो. त्यामुळे नवे भांडार विभागाच्या नावाने असावे, निदान दोन अध्यापकांकडे त्याचे अधिकार असावेत आणि मूळ परवान्याची फाइल व लेखकांची नावे काढू नयेत. अभ्यासक्रमातली तिरकी रेघ जाऊन तिथे सायलॅबची आवृत्ती लिहिली जावी. ती दर दोन वर्षांनी बदलावी, दर सहा महिन्यांनी नको.

गुणांची विभागणी २५ पैकी अशी सुचवतो: चाचण्यांना ८, दुरुस्त्यांना ७, हेल्पच्या पानांना ५. उरलेले ५ गुण दुसऱ्या गटाच्या हाती असावेत. त्या गटाने कोऱ्या संगणकावर, तोंडी मदत न घेता, फक्त लेखी सूचना वाचून टूलबॉक्स बसवून दाखवला तर ते द्यावेत, नाहीतर शून्य.

आपले,
अभियांत्रिकी महाविद्यालयांतील काही अध्यापक व प्रयोगशाळा साहाय्यक